पौर्णिमेपर्यंत वेळ आहे

वाराणसी, पंचगंगा घाट
१६ ऑक्टोबर २०२३

चि. सुश्रुत,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे की पाकिटातच ठेवायचे ते तू ठरव, पण पत्र मात्र शेवटपर्यंत वाच.

कागदावर लिहिलं म्हणून हसू नकोस. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलं आहेस आणि इमेलला उत्तर देत नाहीस. आईशी दर रविवारी बोलतोस हे मला ठाऊक आहे, कारण ती मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलते. तिला म्हटलं, माझा एक निरोप सांगशील का त्याला? तर म्हणाली, "मी काय तुमचा डाकिया आहे? पाच वर्षं झाली, दोघं बहीण-भाऊ मौनीबाबा होऊन बसलात. हा घे पुण्याचा पत्ता. चिट्ठी लिही, मला मधे घालू नकोस." आणि परत मटार सोलायला बसली.

तर काम सांगते. 'ओली पायरी' हा आपला ब्लॉग मी चालवत असले, तरी त्याचं इंटरनेटवरचं नाव अजून तुझ्या खात्यात आणि तुझ्या नावावर आहे. सुरुवातीला तूच ते नोंदवलंस, मला खातं उघडायचा कंटाळा होता. मुदत संपत आल्याच्या सूचना येतात त्याही तुलाच. पुण्याला जायच्या आधी तू एकदम पाच वर्षांची मुदत वाढवून ठेवली होतीस, ती आता संपते आहे. तेव्हा ते नाव माझ्या नावावर करून दे. तुझ्या खात्यात शिरलास की एक कोड मिळेल. तो मला कळव, बाकीची उस्तवार मी करीन. एक कप चहा निवायच्या आत होणारं काम आहे.

घाई नाही. दिवाळी होऊ दे. दादांनी बापाच्या हौसेने ब्लॉगला मुहूर्त काढून दिला होता कार्तिक पौर्णिमेचा, आठवतं ना? "वेबसाइट असली म्हणून काय झालं, शुभारंभ म्हटल्यावर तिथी पाहायलाच हवी," असं म्हणून पंचांग उघडून बसले होते. आपल्या घरात वाढदिवस तिथीने, श्राद्ध तिथीने, तर ब्लॉगने काय घोडं मारलंय? यंदा अधिक श्रावण आल्यामुळे कार्तिक पौर्णिमा पार सत्तावीस नोव्हेंबरला गेली आहे. त्या दिवशी मुदत संपेल. पौर्णिमेपर्यंत वेळ आहे, सावकाश कर.

ही विनवणी आहे असं समजू नकोस. व्यवहाराची गोष्ट आहे. तू ब्लॉग सोडलास, मी सोडला नाही. रोज सकाळी त्याच जागी उभी राहून गंगेत बुडलेल्या पायऱ्यांचा फोटो काढते, खाली चार ओळी लिहिते आणि मग शाळेत जाते. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलंय हे पाहायला अजून लोक येतात. जे घर सोडून गेलेत ते जास्त येतात.

फोटो फोनवरच काढते. तुझा कॅमेरा कपाटात नीट आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलाय.

ताई


पंचगंगा घाट
२९ ऑक्टोबर

चि. सुश्रुत,

पत्र तुला पोचलं. स्पीडपोस्टचं असंच आहे, कुठल्या गावात पत्र कधी पोचलं ते सगळं फोनवर दिसतं. पुण्यातल्या पोस्टमनने ते तुझ्या दारात दिल्याचं मी घाटावर उभी राहून पाहिलं. माणसाने ते उघडलं का, एवढं सोडून बाकी सगळं कळतं.

काल कोजागिरी, आणि रात्री ग्रहण. दुपारपासून वेध लागले, त्यामुळे आईने दूध आटवलंच नाही. आज सकाळी आटवते आहे आणि पुटपुटते आहे की चंद्राला पण आजकाल वेळकाळ राहिला नाही. चंद्राचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकू. पाच वर्षं आपण त्याच्यावरच रुसून बसलोय.

तू विसरला नसशीलच, तरी माझ्या बाजूने पुन्हा सांगते. देवदिवाळीची संध्याकाळ, घाटांवर सगळीकडे दिवे, आणि तुझ्या फोटोत आलमगीर मशिदीच्या घुमटामागे परातीएवढा पूर्ण चंद्र. फोटो ब्लॉगवर चढवलास, लोकांनी डोक्यावर घेतला, कुणा ट्रॅव्हलवाल्याने कॅलेंडरसाठी मागितला. मी शाळेतून आले, पाहिला आणि बसल्या बसल्या लिहिलं: 'हा चंद्र आपला नाही.' पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी पूर्वेला उगवतो. पूर्वेला नदी आहे आणि पलीकडची रेती आहे. मशीद घाटाच्या वर, पश्चिमेला. पहाटे चंद्र तिकडे जातो हे मान्य, पण पहाटेपर्यंत दिवे राहतात कुठे? म्हणजे चंद्र दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवला होता. हे बनारसच्या कुठल्याही शेंबड्या पोरालाही कळेल.

यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. ब्लॉग स्वतःचा ठेवायचा तो कशासाठी? वर कुणी बसलेला नाही, खाली कुणी हजार अंगठे दाखवत नाही, आपण जे पाहिलं ते लिहायचं. बाकी सगळी दुनिया दुसऱ्याच्या ओट्यावर बसून गप्पा मारते. मालकाची मर्जी फिरली की उठा. आपण मात्र आपल्याच पायरीवर बसलो होतो, आणि तिथे बसून तू खोटा चंद्र दाखवलास.

आता गंमत ऐक. चंद्र चिकटवायचं काम आता फोनच करतो. तीन-चार वर्षांपूर्वी मी नवा फोन घेतला, चांगला म्हणून घेतला. पहिल्याच सकाळी पायऱ्यांचा फोटो काढला तर गंगा निळी! आपली गंगा, सुश्रुत, भादव्यात गढूळ आणि पौषात हिरवट. निळी ती फक्त हॉटेलांच्या पाट्यांवर असते. पायऱ्यांवरचं शेवाळ पुसून टाकलेलं, आणि कपडे आपटणारी बाई कडेला होती तिला पार गायब करून टाकलेलं. फोनला विचारलं कुणी? सेटिंगमध्ये शिरून एकेक बटण बंद केलं, तरी तो आपला शहाणपणा सोडत नाही. तू निदान एकदाच केलंस आणि स्वतःच्या हाताने केलंस. हा तर रोज करतो आणि वर मलाच सांगतो, 'तुमचा फोटो सुधारला आहे.'

प्रल्हाद मल्लाह कालही भेटला. त्याच्या नावेतून तू फोटो काढायचास, म्हणून तो मला अजून तुझ्यामुळेच ओळखतो. म्हणाला, "का दीदी, भइया एहू साल ना अइहें?" मी म्हटलं, यंदाही नाही येणार, बिझी आहे. तो म्हणाला, "बिजी त सब हौ, बाकी गंगा जी से केहू बिजी ना होला." गंगेपुढे कुणी बिझी नसतं म्हणे, आता तूच त्याला सांग.

कोड पाठव. पौर्णिमेपर्यंत वेळ आहे हे खरं, पण शेवटच्या दिवसाची वाट पाहायची तुझी सवय मला माहीत आहे.

ताई


पंचगंगा घाट
६ नोव्हेंबर

सुश्रुत,

ब्लॉग गेला.

परवा सकाळी फोटो काढून घरी आले, चढवायला बसले, तर 'ओली पायरी'च्या जागी एक पांढरं पान. त्यावर बुटांची जाहिरात, हॉटेलांची जाहिरात, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत: हे नाव तुम्हाला विकत घ्यायचं आहे का? मला विचारत होते! माझ्या मेलचा पत्ताही त्याच नावावर, त्यामुळे मेलही बंद. नागपूरच्या एका बाईंना भोसले घाटाचा फोटो हवा होता, त्यांच्या आजोळची कुणी तरी तिथल्या वाड्यात राहून गेली होती. काल त्यांनी शाळेत फोन करून विचारलं, मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना? पाठवलेलं पत्र परत येतंय. चौदा वर्षांत मी मेले असं कुणाला पहिल्यांदाच वाटलं.

आधी मी तुला शिव्या घातल्या. मराठी पुरल्या नाहीत म्हणून बनारसी घातल्या. खात्री होती की तू मुद्दाम सोडून दिलंस. मी पत्रावर पत्रं लिहिते आहे आणि हा तिकडे पाय पसरून मुदत संपायची वाट पाहतो आहे. आई म्हणाली, "पौर्णिमा तर अजून लांब आहे ना? मग आत्ताच कसं संपलं?" मी म्हटलं, तेच तर. कंपनीने फसवलं असणार.

मग जुन्या फायली उघडल्या. सगळे लेख आणि फोटो माझ्याकडे दोन डिस्कवर जपलेले आहेत, त्याची काळजी नाही. पहिल्या लेखाची तारीख पाहिली. दोन नोव्हेंबर २००९. त्या वर्षी कार्तिक पौर्णिमा दोन नोव्हेंबरला होती. तू नाव नोंदवलंस ते दादांच्या मुहूर्तावर, त्याच सकाळी. कंपनीने पौर्णिमा नाही मांडली, दोन तारीख मांडली. आणि मी इतकी वर्षं पौर्णिमेला त्या नावाने दिवा लावते आहे. वाढदिवस पौर्णिमेला, म्हणजे मुदतही पौर्णिमेला, हे मला इतकं उघड वाटलं की तारीख बघावीशीच वाटली नाही. आईला सांगितलं तर विचार करून म्हणाली, "त्यांच्यात अधिक महिना पाळत नसतील."

हसलास? हस. मलाही हसू आलं, पण नंतर.

तेव्हा तुझ्यावरचा आळ मागे घेते. पौर्णिमेपर्यंत सावकाश कर असं मीच तुला दोन-दोनदा लिहून कळवलं, तू सावकाश करत असशील. पण आता ऐक. मुदत संपल्यावर साधारण महिनाभर ते नाव तसंच लटकत राहतं. तेवढ्या दिवसांत ज्याच्या नावावर आहे तोच ते जिवंत करू शकतो, म्हणजे तू. मी नाही. कंपनीला फोन केला, त्या मुलीने गोड आवाजात तेच सांगितलं: "मालिक से बोलिए." त्यानंतर बाजार. कुणीही घेईल, बुटं विकेल, जुगार चालवेल आणि खाली नाव आपलं.

नवं नाव घेऊन पुन्हा मांडता येईल असं तू म्हणशील. येईल. एका दुपारचं काम आहे, मला येतं. पण लोकांना पत्ता जुना माहीत आहे. जे कधीतरी वर्षातून एकदा, घरची आठवण आली की येतात, ते येतील आणि बुटं बघून परत जातील. त्यांना नवीन पत्ता कोण सांगणार? मला त्यांची नावंही माहीत नाहीत.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं. रोज सकाळी फोटो काढते आहे आणि चढवायला जागा नाही, हात रिकामे वाटतात.

आणखी एक. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की फोटो फोनवर काढते. थाप होती. निळ्या गंगेनंतर फोनवर काढलाच नाही. तुझा कॅमेरा कपाटात नाही, माझ्या गळ्यात असतो. तो बंद पडला होता, रामनगरला एक जण जुनी यंत्रं दुरुस्त करतो त्याच्याकडून चालू करून आणला. पूल ओलांडून तीन खेपा घातल्या. तो कॅमेरा काही सुधारत नाही, जे असतं ते देतो. चोरी केली असं वाटत असेल तर तसं कळव.

नीरजा


पंचगंगा घाट
१६ नोव्हेंबर

चि. सुश्रुत,

उत्तर नाही. कोड नाही. बुटं तिथेच आहेत.

आधीची पत्रं कामासाठी लिहिली. हे कामासाठी नाही, त्यामुळे हे तू वाचशील असं मला वाटतं. तू लहानपणापासून उलटाच.

काल भाऊबीज झाली. चार वर्षं मी हा सण दाराआडून जाऊ देत होते, शाळेच्या वह्या तपासत बसायचे. काल आईने न विचारता तबक तयार केलं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. म्हटलं, कुणाला ओवाळू? तर म्हणाली, "भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात. तुझ्या आत्याने जन्मभर ओवाळलं. जा घाटावर, लवकर मावळतो आज." मी म्हटलं, मला भाऊ आहे, जिवंत आहे, धडधाकट आहे आणि पुण्यात बिर्याणी खातोय. ती म्हणाली, "मग तर नक्की ओवाळ."

गेले. कॅमेराही घेतला, सवय झाली आहे. घाटाच्या पायऱ्यांवरून चंद्र काही दिसेना. प्रल्हादने तबक बघितलं आणि समजला. "चला दीदी, तनी ओहर से दिखी." नाव जरा खाली नेली, प्रवाहाबरोबर, आणि वळवली. मी मागे पाहिलं.

सुश्रुत, चंद्र तिथे होता. मशिदीच्या घुमटामागे, तू चिकटवला होतास अगदी त्या जागी. कापलेल्या नखाएवढा बारीक. आभाळ अजून पुरतं काळं झालं नव्हतं आणि खाली घाटावर कार्तिकातले आकाशदिवे लागले होते, वेळूच्या टोकाला टोपल्या, तू म्हणायचास तसे 'पितरांचे कंदील'. दिवेही होते, चंद्रही होता, मशीदही होती. सगळं एकाच चौकटीत आणि सगळं खरं.

म्हणजे तुझी जागा बरोबर होती. तिथी चुकली होती. पौर्णिमेचा चंद्र द्वितीयेच्या जागेवर नेऊन ठेवलास. मी दोन तारखेची मुदत पौर्णिमेवर नेऊन ठेवली. दोघंही दादांचीच पोरं, एकाला जागा कळली आणि एकीला तिथी. दोन्ही मिळून एक अख्खं माणूस झालं असतं, असं प्रल्हादला सांगणार होते, पण त्याने विचारलं, "आरती करबू कि फोटो खिंचबू?" दोन्ही केलं. हेलकावणाऱ्या नावेत उभी राहून तुला ओवाळलं. एक अक्षता पाण्यात पडली. मग फोटो काढला.

फोटो चढवायला जागा नाही म्हणून छापून आणला, या पाकिटात आहे. घडी पडू नये म्हणून पुठ्ठा घातला आहे. काही सुधारलेलं नाही.

चंद्राबद्दल मी त्या वेळी बरोबर होते आणि आजही आहे. तो लेख मी काढणार नाही. पण माझा राग चंद्राचा कधीच नव्हता, हे तुला आजवर कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी लिहिलं, 'हा चंद्र आपला नाही', आणि दिवसभर पान पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिले की आता हा खाली येऊन भांडेल. म्हणेल, ताई, तुला फोटोतलं कळतं का काही? ढमकं आहे, फलाणं आहे. नऊ वर्षं आपण त्याच पानाखाली भांडत आलो होतो, लोक लेखांपेक्षा आपली भांडणं वाचायला यायचे. तू एक अक्षर लिहिलं नाहीस. नंबर बंद केलास आणि गाडीत बसलास. राग त्याचा आहे. अजून आहे. तुझी रोज आठवण येते, तीही त्याच रागात येते.

नाव वाचवायचं तर वाचव, नाही तर जाऊ दे. मी नवं नाव घेईन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर उभी असेन. माझं लिहिणं कुणाच्या खात्यावर अवलंबून नाही. पण जुनं गेलं तर त्याच्याखालची आपली सगळी भांडणं जातील. म्हणजे डिस्कवर राहतील, पण तिथे कोण वाचणार?

ताई


पंचगंगा घाट
२८ नोव्हेंबर

चि. सुश्रुत,

काल देवदिवाळी. शहरात पाय ठेवायला जागा नव्हती, आपल्या गल्लीत सकाळपासून चपलांचा ढीग. दुपारी पणत्यांत तेल घालता घालता सवयीने फोनवर 'ओली पायरी' उघडली. बुटं नव्हती. आपलं पान होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसं होतं तसं. मी तेलाचा हात पदराला पुसला, तो डाग आता जायचा नाही.

पौर्णिमेला केलंस. आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. बाजारात जायला चार-पाच दिवस उरले असताना, बरोबर पौर्णिमेला. इतके दिवस मी इथे तळमळते आहे, नागपूरच्या बाई मला मेलेली समजत आहेत, आणि तू तिकडे पंचांग उघडून बसला होतास! ताईने लिहिलं आहे ना, पौर्णिमेपर्यंत वेळ आहे, सावकाश कर. आगाऊ कार्टा. आईला सांगितलं तर म्हणाली, "तिथीवर केलं ना? मग झालं तर." तिला बहुतेक सगळं आधीपासून माहीत होतं. आता विचारलं की मटार सोलते.

मग मी कोड शोधला. मेल चालू झाला होता, सगळा पालथा घातला. कोड नाही. नाव माझ्या नावावर केलेलंच नाहीस. मुदत पाहिली, ती कुणालाही पाहता येते. एक वर्ष. सुश्रुत, दहा वर्षांची सोय असते. गेल्या वेळी भांडून निघालास तेव्हासुद्धा पाच वर्षं भरली होतीस. आणि आता एकच?

पहिल्यांदा डोकं फिरलं. म्हटलं, हा मला दर वर्षी दारात उभं करणार. मग संध्याकाळी भाऊबीजेचा फोटो चढवला, खाली चार ओळी लिहिल्या आणि घाटावर गेले. रेतीवरून चंद्र वर आला, पूर्वेला, जिथे यायला हवा तिथे. लोक ओरडले. परत आले तो फोटोखाली एक कमेंट होती. लिहिणाऱ्याचं नाव सुश्रुत. पाच वर्षांनी.

'चंद्राशेजारी काळा ठिपका आहे. तो मी चिकटवलेला नाही. सेन्सरवर धूळ आहे, तीन वर्षांपासून तुझ्या प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसते. फोनवर काढते म्हणे.'

मी खुर्चीत बसले आणि मोठ्याने रडले. आई धावत आली, तिला वाटलं नाव पुन्हा गेलं. तिला स्क्रीन दाखवली. तिने चष्मा लावून वाचलं, म्हणाली, "हा तर भांडतोय." आणि तीही रडायला लागली.

तीन वर्षं. म्हणजे रोज पाहत होतास. माझी थाप पहिल्या पत्राच्या आधीपासून तुला माहीत होती.

कमेंटला उत्तर कमेंटमध्येच दिलं आहे, ते सगळ्यांसाठी. त्यात तुला फोटोतलं काही कळत नाही असं लिहिलं आहे. रात्रीत बारा जण मधे पडले, अर्धे तुझ्या बाजूने. हे पत्र मात्र तुझ्यापुरतं.

कोड मागितला होता तो आता नको. नाव तुझ्याच नावावर राहू दे आणि वर्षाच्या वरही वाढवू नकोस. दोन तारीख मी भिंतीवर लिहून ठेवली आहे, पंचांगाच्या शेजारी.

आणि धूळ मी साफ करणार नाही. काचेला ओरखडा पडला तर पुन्हा पाच वर्षं बोलणार नाहीस. रामनगरवाल्यालाही हात लावू देणार नाही. ठिपका रोज येईल, रोज लोक विचारतील आणि रोज मी लिहीन की कॅमेरा ज्याचा आहे त्याला सांगा. साफ करायचा असेल तर येऊन कर. तुझा तो फुंकायचा रबरी फुगा कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांशेजारी.

तुझी,
ताई